मनगटावरची प्रतिष्ठा

(मोहोळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणी, वीज आणि उसाचा भाव या विषयांवर बोलण्या-ऐकण्याची सवय असलेल्या तालुक्यात परदेशी मनगटी घड्याळांवर व्याख्यान व्हावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. ज्यांची किंमत लाखांत मोजली जाते अशा घड्याळांशी मोहोळच्या शेतकऱ्याचा, शिक्षकाचा किंवा एस. टी. कामगाराचा काय संबंध, असा प्रश्न रास्तच आहे. परंतु वस्तूची किंमत कशाने ठरते, हा अर्थशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न घड्याळाच्या उदाहरणात जितका स्वच्छ दिसतो तितका फार थोड्या वस्तूंत दिसतो. ज्वारीच्या भावामागे पाऊस असतो, साठेबाज असतो, सरकारचे धोरण असते. त्या गुंत्यात मूल्याचा धागा हाती लागत नाही. घड्याळाचे तसे नाही. प्रत्येक घड्याळ एकच काम करते. तीनशे रुपयांचे घड्याळ आणि तीस लाखांचे घड्याळ दोन्ही दुपारी बाराच वाजवतात. मग मधल्या रकमेत ग्राहक नेमके काय विकत घेतो? या प्रश्नाचा संबंध गावातल्या लग्नाशी, कर्जाशी आणि पुढाऱ्यांच्या वर्तनाशी पोचतो, म्हणून तो येथे मांडावयाचा.

वेळ सार्वजनिक होती

मोहोळला घड्याळाची वेळ आली ती आगगाडीबरोबर. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली मोहोळपर्यंत आला आणि त्याच वर्षी पुढे सोलापूरला पोचला. त्यापूर्वी येथील दिवस सूर्यावर, देवळाच्या घंटेवर आणि गुरांच्या येण्याजाण्यावर मोजला जाई. लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र असे. पाण्यात सोडलेली छिद्राची वाटी बुडाली की घटका भरली. ती वाटी कोणाच्या श्रीमंतीची खूण नव्हती, मांडवातल्या सर्वांची वेळ ती एकटी सांगे. पुढे स्टेशनवरचे घड्याळही तसेच सर्वांचे झाले. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नसत, त्यालाही वेळ फुकट पाहता येई.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि वेळेला वेगळे रूप आले. गिरणीचा भोंगा शहराचे घड्याळ झाला. भोंगाही सार्वजनिक होता, परंतु त्याची दोरी मालकाच्या हाती होती. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश गिरण्यांतील कामगारांच्या ज्या आठवणी उपलब्ध आहेत, त्यांत मालक सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे करत असत, आणि कामगाराला स्वतःजवळ घड्याळ बाळगण्याची भीती वाटे, असे नोंदलेले आहे. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या नोंदींकडे लक्ष वेधले. मुंबईतही १९०६ च्या जानेवारीत सरकारने नवी प्रमाणवेळ लादली, तेव्हा जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी तिच्याविरुद्ध काम थांबवले होते. श्रम विकणाऱ्याला वेळ मोजता आली नाही, तर त्याला आपण किती विकले हेच कळत नाही. कामगाराच्या मनगटावर स्वस्त घड्याळ येणे ही म्हणून केवळ सोयीची बाब नव्हती. मालकाच्या घड्याळाची तपासणी करण्याचे ते साधन होते. घड्याळाचे खरे उपयोगमूल्य पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे.

जावयाचे घड्याळ

ग्रामीण महाराष्ट्रात मनगटी घड्याळ शिरले ते मात्र दुसऱ्या दाराने. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत घड्याळ, सायकल आणि रेडिओ अशी जी त्रयी लग्नाच्या बैठकीत उच्चारली जाई, ती येथल्या वयस्कर मंडळींच्या स्मरणात असेल. मुलगा नोकरीला असो की नांगराला, मनगटावर घड्याळ बांधल्याखेरीज जावई उभा राहत नसे. शेतात दिवसभर राबणाऱ्या त्या तरुणाला मिनिटांचा हिशेब ठेवण्याची फारशी गरज नव्हती. घड्याळ बाहीच्या बाहेर दिसावे एवढीच गरज होती. बापाने ते उधारीवर आणले की जमिनीच्या तुकड्यावर, हे तबकडीवर लिहिलेले नसे.

घड्याळाला ही प्रतिष्ठा मिळण्याचे एक कारण त्याच्या दुर्मिळतेत होते. देशात घड्याळे जवळजवळ बनत नव्हती. बहुतेक स्वित्झर्लंडहून येत. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड या कंपन्यांची नावे मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापासून रूढ होती. परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर निर्बंध आले, तेव्हा घड्याळे पश्चिम किनाऱ्यावर रात्रीच्या पडावांतून उतरू लागली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. या कलमाने काही वस्तूंच्या बाबतीत ती उलटी केली. चोरट्या आयातीच्या संशयावरून माल पकडला गेला, तर तो तसा नाही हे ज्याच्याजवळ तो सापडला त्यानेच सिद्ध करावयाचे. या वस्तूंमध्ये सोन्याच्या जोडीला कायद्याने घड्याळाचे नाव घातले. वेळ दाखवणारे एक यंत्र सोन्याच्या पंक्तीला बसले होते, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही. चोरट्या व्यापाराविरुद्धचा कॉफेपोसा कायदा १९७४ साली आला, तोवर किनाऱ्यावर या धंद्याची साम्राज्ये उभी राहिली होती. प्रतिष्ठेची भूक आणि टंचाई एकत्र आली की काळा बाजार जन्मतो, हा धडा त्या काळाने दिला.

'जनता' नावाचे घड्याळ

याच पार्श्वभूमीवर एच. एम. टी.चा प्रयोग समजून घेतला पाहिजे. यंत्रे बनवण्यासाठी १९५३ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. चावीच्या एका घड्याळाला 'जनता' असे नाव होते. पांढरी तबकडी, साधे अंक, रोज एकदा चावी द्यावयाची, बिघडले तर तालुक्याच्या घड्याळजीने उघडून दुरुस्त करावयाचे. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनितालजवळ राणीबाग येथेही घड्याळांचे काम सुरू झाले. कंपनीच्या एकूण आयुष्यात दहा कोटींहून अधिक घड्याळे लोकांच्या हाती गेली.

योगायोग असा की, हुंडा प्रतिबंधक कायदाही १९६१ सालचाच. कायद्याने हुंडा थांबला नाही. परंतु घड्याळापुरते पाहिले, तर कायद्याला जे साधले नाही ते कारखान्याने हळूहळू साधले. घड्याळ शिक्षकाच्या, कारकुनाच्या, गवंड्याच्या आणि शाळकरी मुलीच्या हातावर आले, तेव्हा त्याला मागण्यासारखे काही उरले नाही. लग्नाच्या बैठकीतून घड्याळाचा उच्चार क्षीण झाला आणि त्याची जागा मोटारसायकलीने घेतली. एखादी वस्तू सर्वांची झाली की तिची प्रतिष्ठा जाते आणि उपयोग राहतो. समाजवादी विचाराच्या दृष्टीने हे त्या वस्तूचे यश मानले पाहिजे. मात्र प्रतिष्ठेची मागणी त्यामुळे नाहीशी होत नाही, ती पुढच्या वस्तूवर जाऊन बसते, हेही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे.

एच. एम. टी.चा उत्तरार्ध दुःखद आहे आणि त्याचे सारे खापर खासगी भांडवलावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टाटा आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटन कंपनी स्थापन केली, आणि १९८७ पासून तिची घड्याळे बाजारात आली. सेलवर चालणारे अचूक क्वार्ट्झ यंत्र, नेटके रूप आणि स्वच्छ, प्रकाशमान दुकान या तीन गोष्टी तिने ग्राहकापुढे ठेवल्या. क्वार्ट्झ घड्याळ एच. एम. टी.नेही काढले होते. परंतु मागणी आहे तेवढी घड्याळे पुरवली की आपले काम संपले, ही टंचाईच्या काळातली वृत्ती तिला सोडता आली नाही. सामान्य माणसाला टिकाऊ वस्तू हवी असते तशी सुंदरही हवी असते. सौंदर्याची भूक ही वरच्या वर्गाचीच चैन आहे असे समजणाऱ्या सार्वजनिक उद्योगाला लोक कंटाळतात. अखेर २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

त्यानंतर जे घडले ते मूल्याच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे. कंपनी बंद होणार ही वार्ता पसरताच तीच जुनी 'जनता' संग्राहकांना प्रिय झाली आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाऊ लागली. यंत्र तेच, तबकडी तीच. फरक एवढाच की आता ते घड्याळ सर्वांना मिळणार नव्हते.

किमतीचे तीन भाग

घड्याळाच्या किमतीबद्दलचे कुतूहल नवे नाही. ॲडम स्मिथ यांनी १७५९ साली आपल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात एका घड्याळवेड्या गृहस्थाचे उदाहरण दिले आहे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडणारे घड्याळ तो कवडीमोलाने विकतो आणि पंधरवड्यात मिनिटभरही न चुकणारे घड्याळ पंचवीस पट किमतीला घेतो. पण म्हणून तो इतरांपेक्षा वेळेवर पोचतो असे मात्र आढळत नाही. मार्क्स यांनी 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळाचाच धंदा निवडला, आणि स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों हे सबंध गाव म्हणजे एकच कारखाना असे म्हटले. शेकडो हातांचे सूक्ष्म श्रम एका मुठीएवढ्या वस्तूत कसे एकवटतात, हे त्यांना दाखवायचे होते.

या दोन दृष्टींच्या आधारे आजच्या महागड्या घड्याळाची किंमत तीन भागांत पाडता येते: द्रव्य, श्रम आणि श्रेणी. पोलाद, सोने, नीलमण्यासारखी कठीण काच हा द्रव्याचा भाग. यंत्र जुळवणाऱ्या, त्याच्या कडा हाताने घासून चकचकीत करणाऱ्या कुशल कारागिराचा वेळ हा श्रमाचा भाग. तो खरा आहे आणि त्याचा आदर केलाच पाहिजे. चांगले चावीचे घड्याळ तीन पिढ्या चालते आणि दुरुस्त होते, हाही गुण वापरून फेकण्याच्या या युगात थोडा नाही. परंतु हे दोन्ही भाग मोजून झाले तरी किमतीचा मोठा हिस्सा शिल्लक उरतो. तो श्रेणीचा.

श्रेणीचा भाग वेगळा दिसावा असे प्रयोग बाजाराने स्वतःच करून ठेवले आहेत. ओदमार पिगे या १८७५ साली स्थापन झालेल्या स्विस कंपनीने १९७२ साली 'रॉयल ओक' नावाचे पोलादी घड्याळ काढले आणि त्याची किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांहून अधिक ठेवली. तोवर पोलाद म्हणजे स्वस्त आणि सोने म्हणजे महाग, असा साधा हिशेब होता. तो मोडला आणि घड्याळ चालले. दुसरे उदाहरण पातेक फिलिप या १८३९ पासूनच्या कंपनीचे. तिने २०२१ साली आपल्या 'नॉटिलस' मालिकेतील एक अत्यंत मागणी असलेले पोलादी घड्याळ बंद करण्याचे ठरवले. त्या घोषणेने घड्याळात एक स्क्रूही वाढला नाही. तरी जुन्या मालाच्या बाजारात त्याचा भाव अधिकृत किमतीच्या अनेक पट चढला. पुढे २०२२ मध्ये सट्ट्याचा फुगा फुटला तेव्हा याच जातीच्या घड्याळांचे भाव उतरले. तेव्हाही यंत्रातून काही कमी झाले नव्हते. यंत्र बदलल्याशिवाय जो भाव चढतो आणि उतरतो, त्याला श्रमाचे मूल्य म्हणता येणार नाही.

आता अचूकतेचा हिशेब पाहावा. सेको या जपानी कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. उलट, स्वित्झर्लंडच्या अधिकृत कसोटीला उतरलेल्या चावीच्या यंत्राला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे महिन्याला दोन-तीन मिनिटांचीही चूक होऊ शकते. स्वस्त घड्याळ महागाहून अचूक झाले, आणि स्विस धंद्यावर संकट कोसळले. १९७० च्या सुमारास तेथे जवळजवळ नव्वद हजार लोक या धंद्यात होते; १९८० च्या दशकाच्या मध्यास तीस हजारांच्या आसपास उरले. त्या दरीतल्या गावांनी काय भोगले असेल, ते सोलापूरच्या गिरण्यांची कुलुपे पाहिलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

या संकटातून स्विस भांडवल दोन मार्गांनी वर आले. एका बाजूने १९८३ साली 'स्वॉच' हे प्लास्टिकचे स्वस्त घड्याळ निघाले. दुसऱ्या बाजूने, जे यंत्र उपयोगात हरले होते त्यालाच परंपरेचा आणि वारशाचा साज चढवण्यात आला. हे घड्याळ वेळ पाहण्यासाठी घ्यावयाचे नसून पुढच्या पिढीसाठी जपावयाचे, अशी जाहिरातींची भाषा बदलली. उपयोगाच्या शर्यतीत जे घड्याळ मागे पडले, ते प्रतिष्ठेच्या शर्यतीत पहिले आले. व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे जे वर्णन केले, त्याला याहून नमुनेदार उदाहरण मिळणे कठीण.

उतरंड

या जगाची रचना आपल्याकडील माणसाला अपरिचित वाटू नये. वर पातेक फिलिप, ओदमार पिगे आणि १७५५ पासूनची व्हाशरों कॉन्स्टन्टिन ही जुनी घराणी. लोकांच्या तोंडी सर्वाधिक असलेले नाव रोलेक्सचे. मग ओमेगा, मग लाँजिन, मग टिसो. प्रत्येक पायरीवरचा ग्राहक खालच्या पायरीकडे पाहून समाधान मानतो आणि वरच्या पायरीकडे पाहून अस्वस्थ होतो. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले होते. जो कोणाच्या तरी वर असतो तो संपूर्ण रचना मोडायला उठत नाही, हे तिचे बळ. जन्माने लादलेल्या जातीची क्रूरता घड्याळाच्या पायऱ्यांना नाही, ही मर्यादा सांगून एवढेच म्हणता येईल की प्रतिष्ठेच्या बाजारालाही हेच बळ टिकवून धरते. गंमत अशी की यांतल्या अनेक पायऱ्यांचा मालक एकच असतो. ओमेगा, लाँजिन, टिसो आणि प्लास्टिकचे स्वॉच एकाच समूहाची आहेत. टॅग ह्यूअर, झेनिथ आणि ह्युब्लो दुसऱ्या एका समूहाची. पायऱ्या ग्राहकासाठी आहेत, नफ्यासाठी एकच मजला आहे.

काही घड्याळे तर पैसे मोजूनही लगेच मिळत नाहीत. गिऱ्हाईकाचे नाव यादीत जाते, आणि कोणाला केव्हा द्यावयाचे ते दुकानदार ठरवतो. ज्वारी विकणारा शेतकरी बाजारात गिऱ्हाईकाची वाट पाहतो. येथे गिऱ्हाईक विक्रेत्याच्या पसंतीची वाट पाहते. ज्या बाजारात विकणारा घेणाऱ्याची निवड करतो, तेथे घड्याळाबरोबर प्रवेशाचा परवानाही विकला जात असतो.

या उतरंडीचे सर्वांत बोचरे चित्र २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात दिसले. महात्मा गांधींचा चष्मा, चपला, ताट-वाटी आणि झेनिथचे खिशातले घड्याळ यांची एकत्रित विक्री अठरा लाख डॉलरला झाली, आणि ती मद्योद्योगातले भारतीय धनिक विजय मल्ल्या यांनी घेतली. गांधीजींच्या कमरेला लटकणारे घड्याळ वक्तशीरपणाचे साधन होते. भेटीला येणारा व्हाइसरॉय असो की गावकरी, वेळ सर्वांना सारखीच मोजून मिळे. त्या घड्याळातली किंमत कंपनीने घातलेली नव्हती, एका आयुष्याने घातली होती. बाजाराला मात्र तिचाही भाव काढता आला.

पुढाऱ्याचे मनगट

शेजारच्या कर्नाटकात २०१६ साली घडलेला प्रसंग सार्वजनिक जीवनात काम करणाऱ्यांनी विसरू नये. लोहियांच्या समाजवादी प्रवाहातून राजकारणात आलेले मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावर हिरेजडित ह्युब्लो घड्याळ दिसले. त्याची किंमत सुमारे ७० लाख असल्याचा आरोप विरोधकांनी केला. ते मित्राने भेट दिले असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले आणि मार्चच्या प्रारंभी राज्याची मालमत्ता म्हणून ते विधानसभेच्या सभापतींच्या हवाली केले. ते सभापती होते कागोडु तिम्मप्पा, म्हणजे ज्या कागोडु गावच्या कुळांच्या सत्याग्रहात १९५१ साली डॉ. लोहियांना अटक झाली, त्याच गावचे. कुळांच्या हक्कासाठी तुरुंग पाहिलेल्या परंपरेच्या टेबलावर पासष्ट वर्षांनी एक घड्याळ येऊन पडले. येथे एका व्यक्तीचा न्याय करावयाचा नाही, आणि असे मनगट एकाच पक्षात आढळते असेही नाही. प्रश्न असा की, लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाला आपली प्रतिष्ठा लोकांच्या विश्वासात न शोधता तबकडीवरच्या नावात का शोधावी वाटते? १९६३ साली लोकसभेत लोहियांनी देशातल्या कोट्यवधी माणसांचे रोजचे उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगून सत्ताधाऱ्यांच्या खर्चाशी त्याची तुलना केली होती. तेव्हा आकड्यांवर वाद झाला. तुलना करण्याच्या अधिकारावर कोणी वाद घातला नाही.

ती तुलना मोहोळच्या भाषेतही करता येते. उजनीचे पाणी कालव्याने आले आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरवली. या हिशेबाने दहा लाखांचे एक घड्याळ म्हणजे सुमारे २८२ टन ऊस. एकरी चाळीस टन पडतो असे धरले तर ते सात एकरांचे वर्षाचे पीक झाले. तोडणी-वाहतूक, खत, बियाणे, वीज आणि सोसायटीचे व्याज यातून अजून वजा करावयाचे आहे. ते वजा केल्यावर त्या घड्याळासाठी किती एकर आणि किती वर्षे लागतील, याचे गणित प्रत्येकाने घरी करून पाहावे. ज्या ऊसतोड कुटुंबाने तो ऊस तोडला, त्याची मजुरी तासावर नव्हे, टनावर मोजली जाते. पहाटे फडात शिरणाऱ्या बाईच्या वेळेची कोणत्याच घड्याळात नोंद होत नाही.

सरकारी धोरणाचे काटेही याच विषयावर दोन दिशांनी फिरताना दिसतात. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळांच्या विक्रीवर एक टक्का कर उगमस्थानी गोळा करण्याची तरतूद लागू झाली. हा जादा कर नव्हे, तो आयकरातून वजा होतो. तरी दहा लाखांच्या घड्याळाच्या खरेदीदाराचे नाव राज्यसंस्थेला कळले पाहिजे, एवढे तरी त्यातून मान्य झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी केलेला व्यापार करार अमलात आला, आणि त्यात स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मान्य झाले. बदल्यात गुंतवणुकीची आणि रोजगाराची आश्वासने आहेत. ती पुरी झाली तर आनंदच आहे. परंतु ज्या देशाने घड्याळ सर्वांच्या हाती देण्याचा कारखाना बंद केला, त्याने थोड्यांच्या हातचे घड्याळ स्वस्त करण्याची घाई करावी, या क्रमाकडे डोळेझाक करता येत नाही.

मोहोळने काय करावे

महागड्या घड्याळांवर बंदी घाला, असा या विवेचनाचा अर्थ नाही. बंदीने किनाऱ्यावर काय उतरते ते १९६० आणि १९७० च्या दशकांत पाहून झाले आहे. श्रेणीच्या भागावर चढत्या दराने कर बसवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. साध्या घड्याळाला आणि चाळीस लाखांच्या घड्याळाला वस्तू व सेवा कराचा सारखाच दर लागणे हे न्यायाचे नाही. कर चढला म्हणून अशा वस्तूची मागणी फारशी घटतही नाही. कारण ती महाग आहे म्हणूनच घेतली जाते. यातून येणारा पैसा थोडा असेल, पण तो कोणाच्या भाकरीतून आलेला नसेल.

दुसरी गोष्ट लोकप्रतिनिधींची. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात दागिने व मौल्यवान वस्तूंचा रकाना असतो. त्यात घड्याळाचे नाव आणि किंमत स्पष्ट लिहिली जाते की नाही, हे पाहण्याचे काम मतदाराचे आहे. पदावर असताना मिळालेली मौल्यवान भेट सरकारजमा व्हावी, आणि ती वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर नव्हे, मिळाली त्या आठवड्यात व्हावी.

तिसरी गोष्ट कोणत्याही सरकारवर अवलंबून नाही. सोलापूरच्या बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणून परदेशी नावाची नकली घड्याळे काही शे-हजारांत मिळतात आणि तरुण मुले ती हौसेने बांधतात. त्यांना हसू नये. वेळ पाहायला त्यांच्या खिशात फोन आहे. त्यांना वेळ नको, मान हवा आहे. शिक्षण घेऊन नोकरी नाही, शेतीला भाव नाही, लग्न जुळत नाही, अशा तरुणाला समाजाने मानाची दुसरी कोणती वाट मोकळी ठेवली आहे? कष्टाला, कौशल्याला आणि सचोटीला गावात मान मिळत असेल, तर नकली तबकडीची गरज आपोआप कमी होईल. तो मिळत नसेल, तर दोष एकट्या मुलाचा नाही.

आणि शेवटी लग्नाचा मांडव. घड्याळाची मागणी मोटारसायकलीवर गेली, मोटारसायकलीची मोटारीवर गेली. अलीकडे ऐपतदार घरांत नावाजलेल्या परदेशी घड्याळाच्या रूपाने ती फिरून मनगटावर येऊ लागली आहे. फरक एवढाच की पूर्वीच्या घड्याळासाठी बाप उधारी करी, आता एकर विकावा लागेल. या तालुक्यातल्या दहा जाणत्या घरांनी आपल्या मुलांच्या लग्नात काही मागणार नाही आणि काही घेणार नाही असे बैठकीत उघडपणे सांगितले, तर अकराव्या घराला मागताना संकोच वाटेल. प्रतिष्ठा अनुकरणाने पसरते, हे घड्याळांच्या कंपन्यांनी ओळखले आहे. तेच ज्ञान चांगल्या कामासाठी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. लग्नसराई दूर नाही. आरंभ तेथूनच व्हावा.